मिश्रण क्रमांक चार

पुणे, १२ जून १९९०

अक्का,

कागदावर कारखान्याचं नाव छापलेलं बघून दचकू नकोस, पत्र तुझ्या मावसभावाचंच आहे. शेठजींनी मला इथल्या नव्या कारखान्याचा व्यवस्थापक केलं. टेबलावर फोन आहे, दाराबाहेर शिपाई आहे, आणि मी गेले तीन आठवडे डोक्याला हात लावून बसलो आहे.

काम तेच, जे आपण जालन्यात सहा वर्षं केलं. तांब्याची लाल भुकटी आणि ती काळी भुकटी एकत्र करायची, चाळायची, दोन रुळांमधून दाबायची. पातळ पट्टी बाहेर येते, ती उचलून पोलादी पत्र्यावर ठेवायची आणि भट्टीत सारायची. ओतीव काम नाही, वितळवणं नाही. भट्टीतून निघाली की दोन्ही एकजीव, मोटारीच्या बेअरिंगला तयार. सगळं जमलं, फक्त उचलणं जमत नाही. रुळातून निघालेली कच्ची पट्टी इथली आयटीआय शिकलेली पोरं उचलतात आणि दहांतल्या सात मोडतात. जालन्यात तुम्ही अकराजणी पन्नासात एक मोडत होता. इथला एक परदेशात शिकून आलेला इंजिनिअर मला म्हणाला, हे यंत्रानंच होईल. मी त्याला सांगितलं, आमच्याकडे हे पापड लाटणाऱ्या बायका करतात. तो हसला. त्यानं उचललेली पट्टी मोडली तेव्हा मी हसलो.

तुला पापडाच्या कामावरून उठवून कारखान्यात आणलं ते मीच. तेव्हा आता माझी लाज राख. तुम्ही ती पट्टी नक्की कशी उचलता, ते नीट लिहून पाठव.

गुळाचा खडा मिळतो ना अजून? सकाळी दहाला आणि दुपारी चारला, जागेवर? आडतीत हमाल धान्याची धूळ खातात आणि वर गूळ खाऊन ती उतरवतात, हे लहानपणी मंठ्यात पाहिलं होतं. शेठजी नको म्हणत होते. मी भांडून सुरू केला. एवढं एक काम मी तिथं चांगलं केलं, असं मला वाटतं.

तुझा
धर्मराज


जालना, २४ जून १९९०

धर्मराजा,

व्यवस्थापक झालास, बरं वाटलं. मावशी असती तर तिनं गल्लीत साखर वाटली असती. मी गूळ वाटून राह्यले, तो पण शेठचाच.

पट्टी कशी उचलायची ते लिहिते. तुझ्या पोरांना सांग, आधी बोटं विसरा. बोटानं चिठ्ठी उचलतात. पट्टीच्या खालून दोन्ही तळहात सरकवायचे, मनगट ताठ, कोपरं कमरेला लावलेली. श्वास सोडताना उचलायची, घेताना न्हाई. श्वास घेतला की छाती हलती आणि पट्टीला चीर जाती. मंग चालायचं, डोक्यावर भरली घागर असल्यासारखं. ठेवताना एक कड आधी टेकवायची, दुसरी आपोआप येती. आणि उचलताना तोंड बंद. ही शेवटची अट गौहरला कधीच जमली न्हाई, ती पट्टी घेऊन निम्म्या वाटेत सासूची नक्कल करती, तरी तिची पट्टी मोडत न्हाई. हे का, ते तुझ्या परदेशात शिकलेल्याला विचार.

गौहर ध्यानात हाय ना? कोर्टासमोर टेबल टाकून अर्ज लिहून देतो त्या लतीफभाईची बायको. पंधरा दिवस झाले तिच्या पोटात पीळ पडून राह्यलाय. चाळणी सोडून भिंतीला टेकून बसती, ओठ काळे पडतात. दवाखान्यात गेल्ती, गॅस म्हणले. मी आता माझा पण खडा तिलाच देते. मला म्हणती, "अक्का, तेरी जबान में तो मीठा नै, हात में कहाँ से आया?"

सर्जेराव सुपरवायझर झाल्यापासून अंगात कोट घालतो. जून महिन्यात. बाकी बराबर हाय.

कौसल्या


पुणे, ५ सप्टेंबर १९९०

अक्का,

तुझ्या पत्रानं कमाल केली. पोरांना आधी महिनाभर कागदाचे तुकडे उचलायला लावले, मग पट्टी दिली. आता दहांत एक मोडते. ‘श्वास सोडताना’ हे इंजिनिअरनं आपल्या वहीत उतरवून घेतलं. मी तुझं सगळं सहा कलमांत बसवलं, इंग्रजीत टाइप करून काच लावली आणि रुळांच्या वर टांगलं. शेठजींनी वार्षिक सभेत माझा सत्कार केला. कलमांखाली नाव माझं आहे, कारण अशा कागदाला कुणाचं तरी एक नाव लागतं. तू मनाला लावून घेणार नाहीस, हे मला माहीत आहे.

इथली शिस्त तू पाहायला हवीस. माल जर्मनीला जाणार, त्यांची माणसं येऊन बघून गेली. आत खायचं-प्यायचं काही न्यायला बंदी, तंबाखूची पुडीसुद्धा दारावर काढून ठेवायची. येताना कपडे बदलायचे, जाताना आंघोळ करूनच बाहेर पडायचं. नाकाला पट्टी. दर तीन महिन्यांनी प्रत्येकाचं रक्त काढून तपासायला पाठवतात. पोरं कुरकुरतात, पण मी सोडत नाही. जालन्यात आपण कसं चालवलं, याचं आता मला हसू येतं.

गौहरला ओवा आणि काळं मीठ द्यायला सांग.

धर्मराज


जालना, ३० सप्टेंबर १९९०

धर्मराजा,

माझी मनगटं तू काचेत घालून भिंतीला टांगलीस आणि खाली तुझं नाव घातलंस. घाल. हार मात्र घालू नको, मी अजून हाये.

तुझं पत्र मी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं. आंघोळीचं ऐकून पुष्पाबाई म्हणली, "पुण्यातली पोरं घरून पारोशी येत असतील." सगळ्या हसल्या. मंग गौहरनं विचारलं ते लिहिते, त्याचं उत्तर तूच दे. तिनं विचारलं, "खून कायकू निकालते?"

काय म्हणून काढतात, धर्मराजा? रक्तात काय बघतात? आत खायला बंदी का? भुकटी तीच ना? तू लिहिलंस, काम तेच. मंग तुमच्यात आत खायला बंदी हाय, तर आमच्यात जागेवर बसून खायला गूळ का देतात? लाल भुकटी तांब्याची, ते समजतं. काळी कशाची, हे तू आम्हाला सहा वर्षांत सांगितलं न्हाईस. विचारलं की म्हणायचास, "मऊ धातू, पट्टी नरम व्हावी म्हणून." पोत्यावर नुसतं ‘मिश्रण क्रमांक चार’ छापलंय.

गौहरच्या हातून काल पट्टी पडली. सहा वर्षांत पहिली. आम्ही समजलो हसता हसता पडली. ती हसत नव्हती. हात समोर धरला तर मनगटातून खाली लोंबतो, माकड दाखवताना पोरं करतात तसा. ती ‘ऊठ ऊठ’ म्हणून त्याला सांगून राह्यलेली. सर्जेरावनं तिला उचलण्यावरून काढून दिवसभर चाळणीवर बसवलं. म्हणला, हलकं काम दिलं.

जल्दी लिही.

कौसल्या


पुणे, १० नोव्हेंबर १९९०

अक्का,

उशीर झाला, कामाचा रगाडा होता.

रक्ताचं तू फार मनावर घेतलंस. ही जर्मन लोकांची तऱ्हा आहे, ते दुधाच्या डेअरीतसुद्धा असंच करतात. नव्या कारखान्याला नवे नियम असतातच. काळी भुकटी हा एक साधा धातू आहे, आपल्याकडे पूर्वापार वापरात आहे. काळजी करण्यासारखं काही नाही.

तरीपण हात धुऊन खाल्लेलं केव्हाही चांगलं. आणि गुळाचं म्हणशील तर तूर्त खाल्ला नाही तरी चालेल. हे मी सांगितलं असं मात्र कुठं बोलू नकोस. सर्जेरावला तर अजिबात नको.

गौहरचा हात आखडला असेल. थंडीचे दिवस आहेत, शेक द्यावा.

धर्मराज


जालना, २२ जानेवारी १९९१

धर्मराजा,

थंडीनं आखडला म्हणालास. पट्टी पडली तेव्हा सप्टेंबर होता.

गौहरला घेऊन मी आणि लतीफभाई औरंगाबादला जाऊन आलो. तिथं एक तरणा डॉक्टर भेटला. त्यानं आधी तिचं तोंड उघडायला लावलं. हात दुखतो आणि तोंड काय बघतो, असं आम्हाला वाटलं. हिरड्यांच्या कडेला निळी रेघ होती. विचारलं, काय हाताळता? म्हणलं, मिश्रण क्रमांक चार. तो म्हणला, "बाई, नंबरावर मला औषध देता येत नाही. त्यात शिसं आहे का?"

म्हणलं, पोत्यावर तेवढंच छापलंय. मंग त्यानं विचारलं, काम करता करता काही खाता का? मी गुळाचं सांगितलं. मोठ्या हौसेनं सांगितलं, माझ्या भावानं सुरू केला म्हणून. त्यानं पेन खाली ठेवला. "हात धुऊन खाता?" म्हणलं, नळ गेटापाशी हाय, तिथवर गेलं तर सुट्टी संपती, जागेवरच खातो, बोटं पण चाटतो. गूळ चिकट असतो ना, धर्मराजा. भुकटी त्याला छान धरती.

म्हणजे धूळ पोटातून बाहेर जावी म्हणून तू जो खडा दिलास, त्यानंच ती आत गेली. दिवसातून दोनदा. आणि मी माझा पण खडा गौहरला देत होते.

डॉक्टर म्हणला, रक्त मुंबईला पाठवतो, वेळ लागंल. पण भुकटीत काय काय हाय हे जाणत्या माणसानं सहीनिशी लिहून दिलं, तर ‘कामातून झालेला आजार’ असं तो लिहू शकतो. तसं लिहिलं की अकराही जणींचा उपचार कारखान्याला करावा लागतो आणि भुकटीपासून दूरचं काम द्यावं लागतं. एवढाच कागद पायजे. त्यात काय असतं हे तुझ्याशिवाय कोण सांगणार? मिश्रण तुझंच. चार ओळी आणि सही.

इथं मी गूळ बंद करा म्हणून सर्जेरावला सांगितलं. बायकांनाच राग आला, हातचा खडा जातो म्हणून. सर्जेरावनं वर कळवलं की बायकांत कुरबूर हाय. वरून हुकूम आला, कामगारांच्या तब्येतीसाठी गूळ दुप्पट करा. आता एकेकीला दर खेपेला दोन खडे मिळून राह्यलेत.

कागद लवकर पाठव.

कौसल्या


पुणे, १८ फेब्रुवारी १९९१

अक्का,

तुझं पत्र तीनदा वाचलं. गुळाचं वाचून त्या दिवशी मी जेवलो नाही. शपथेवर सांगतो, तेव्हा मला कळत नव्हतं. धातूचं शास्त्र शिकलो, तो धातू पोटात गेला तर काय होतं हे आम्हाला कुणी शिकवलंच नाही. इथं आल्यावर जर्मनांच्या कागदात वाचलं. म्हणून तर तुला खाऊ नकोस म्हणून लिहिलं. पत्रात सगळं लिहिता येत नाही, तू समजून घ्यायला हवं होतंस.

कागदाचं म्हणतेस, तर माझी अडचण समजून घे. मी आता जालन्याच्या कारखान्याचा कुणीच नाही. माझी बदली झाली, तिथल्या मालाबद्दल माझ्या सहीला काडीची किंमत नाही. मी लिहून दिलं तरी ते उद्या म्हणतील, हा कोण? तिथल्या माणसाकडूनच घ्यायला हवं. शिवाय शेठजींना कळलं तर इथं माझं काय होईल हे तुला सांगायला नको. गौहरच्या औषधासाठी म्हणशील तर मी माझ्या खिशातून काहीतरी पाठवतो, नाव न सांगता दे.

आणि एक विचारू? हे पत्र तुझ्या अक्षरात नाही. कोर्टातल्या कारकुनासारखं वळणदार अक्षर आहे. माझ्यावर इतकी रागावलीस की स्वतःच्या हातानं दोन ओळीसुद्धा लिहाव्याशा वाटत नाहीत?

धर्मराज


जालना, २ मार्च १९९१

धर्मराजा,

अक्षर लतीफभाईचं. मी सांगते, तो लिहितो. ‘सविनय’ लिहू का म्हणून विचारत होता, नको म्हणलं.

राग हाय, पण रागानं लिहिणं थांबत न्हाई. दिवाळीपासून माझा उजवा हात गेला. आधी पेन निसटायचा, मंग पट्टी निसटायला लागली. आता समोर धरला की गौहरसारखाच लोंबतो. तुझ्या काचेतल्या सहा कलमांत दुसरं कलम ‘मनगट ताठ’ असंल बघ. तेवढं खोडून टाक.

तुला लिहिणार नव्हते. वाटलं, गौहरसाठी मागितलं तर तू माणूस म्हणून देशील. बहिणीसाठी मागितलं तर भाऊ म्हणून देशील आणि मंग उपकार होईल.

तुझे पैसे नकोत. कागद दे. तू दिला न्हाईस तर मी माझ्या सहीनं सरकारकडं अर्ज टाकणार. बाकीच्या भितात, म्हणून अर्ज माझ्या एकटीच्या नावानं राहील. लतीफभाई लिहून देईल, सही मी कशीतरी करीन.

कौसल्या


पुणे, १४ मार्च १९९१

अक्का,

काय लिहू? आधी का नाही कळवलंस?

ताबडतोब पुण्याला निघून ये. मी मोटार पाठवतो. इथं मोठा डॉक्टर माझ्या ओळखीचा आहे, रक्तातलं शिसं काढायचं औषध आहे, दोन-तीन महिने माझ्या घरी राहा. तुझ्या वहिनीला मी सांगितलं आहे, तिनं मागची खोली रिकामी करून ठेवली. तुझा हात सरळ होईपर्यंत मी तुला सोडणार नाही. तुझ्या आईनं मला दोन वर्षं जेवू घातलं, ते मी विसरलेलो नाही.

फक्त एवढं ऐक. तो अर्ज करू नकोस. अर्ज केलास की चौकशी लागेल, मग मला तुला उघडपणे इथं ठेवता येणार नाही. आधी तू बरी हो. बाकीच्यांचं नंतर बघू, काहीतरी मार्ग काढू. अकराजणींचं ओझं तू एकटीनं का घ्यायचं?

उत्तराची वाट बघतो. मोटार केव्हा पाठवू?

धर्मराज


जालना, ९ जुलै १९९१

धर्मराजा,

मोटार पाठवू नको. मार्च महिन्यात पण म्हणणार होते, पण लतीफभाईला तेव्हा सवड नव्हती. गौहरला धरून उठवावं लागत होतं. चार महिन्यांत तुझं दुसरं पत्र आलं न्हाई, म्हणजे तू पण मोटारीची घाई केली न्हाईस. बराबर केलंस.

अर्ज टाकला. परवा चौकशीचे साहेब आले. कारखान्याच्या ऑफिसात पंखा लावला, चहा मागवला, मला स्टुलावर बसवलं. सर्जेराव कोट घालून उभा. गौहर गेटाबाहेर बसलेली, कारण गैरहजर म्हणून तिचं नाव मस्टरवरून कधीच काढलेलं. लतीफभाईला आत घेतलं न्हाई, म्हणले वकिलाचं काम न्हाई.

साहेबांनी माझा अर्ज काढला. शेजारी चौऱ्याऐंशी सालचं मस्टर ठेवलं. चष्मा पुसला. दोन्ही सह्या बघितल्या. मला म्हणले, "बाई, इथं परत सही करा." मी डाव्या हातानं उजवा हात धरला आणि केली. ‘कौ’ वर झाला, ‘सल्या’ उतारावरून घसरल्यागत टेबलाच्या कडंला गेला.

साहेब म्हणले, "ही सही मस्टरशी जुळत नाही. अर्ज तुमच्या नावानं दुसऱ्याच कुणी तरी केलेला दिसतो."

म्हणलं, "साहेब, हात तोच हाय. पट्टी नरम होते ना त्या भुकटीनं, तसा तो पण नरम झाला. तेच तर अर्जात लिहिलंय."

म्हणले, "अर्जात काय लिहिलंय ते अर्ज खरा ठरल्यावर बघू." कारकुनाला सांगितलं, लिहा, सही जुळत नाही, अर्ज दफ्तरी दाखल. आणि बाई उलट बोलतात, हे पण लिहा.

मंग सर्जेरावनं एक कागद पुढं केला. कारखान्याचा. मला वाचता येतं हे त्याच्या ध्यानात राह्यलं न्हाई. ‘मिश्रण क्रमांक चारमध्ये तांबे व अल्प प्रमाणात इतर धातू असून, हाताळणाऱ्यांच्या आरोग्यास त्यापासून कोणताही अपाय नाही.’ खाली तुझं नाव, तुझी पदवी आणि सही. तारीख वीस फेब्रुवारी. तुझ्या सहीला जालन्यात काडीची किंमत न्हाई असं तू अठरा तारखेला मला लिहिलंस. दोन दिवसांत किंमत आली.

साहेबांनी त्या सहीखाली बोट ठेवलं. नियम म्हणून त्यांनी ती पण पडताळून बघितली, तुझ्या जुन्या नेमणुकीच्या कागदावरच्या सहीशी. मी पण मान लांब करून बघितली. एक रेघ इकडची तिकडं न्हाई. काना तसाच सरळ, शेवटचा फाटा तसाच वर गेलेला. सहा वर्षं तीच भुकटी तू पण बघितलीस, पण काचेच्या केबिनमधून. साहेब म्हणले, "ही मात्र बरोबर जुळते."

मुंबईहून गौहरच्या रक्ताचा कागद आला. त्यात शिसं निघालं, भरपूर. डॉक्टरनं स्वतःहून औषध सुरू केलं, तो भला माणूस. ते कारखान्यात शिरलं हे मात्र त्याला लिहिता येत न्हाई. तुझ्या कागदात शिशाचं नावच न्हाई. त्यानं विचारलं, घरात कुठं शिशाचं काही हाय का? लतीफभाईनं सांगितलं, घरात एक पलंग, दोन ट्रंका आणि शिलाई मशीन हाय.

मी काम सोडलं. डॉक्टर म्हणतो, भुकटीपासून दूर राह्यलं तर वर्षा-दोन वर्षांत हात थोडा उठंल. बाकी नऊजणी रोज आत जातात. मी सांगून बघितलं. पुष्पाबाई म्हणली, "अक्का, तुझंच जर सरकारनं खोटं धरलं, तर आम्ही कशाला खरं धरावं?" तिला काय उत्तर देऊ? तुझा कागद तिच्या बाजूनं हाय.

मागची खोली रिकामी केली म्हणालास. तिच्यात वहिनीला सामान ठेवायला सांग. आणि आता मला पत्र लिहू नको. तुला उत्तर द्यायचं म्हणजे मला दुसऱ्याचा हात मागावा लागतो. लतीफभाई बायकोला भरवायचं सोडून येतो आणि लिहितो. तेवढा त्याचा वेळ घ्यावा, असं तुझ्यात काही उरलं न्हाई.

सही करत न्हाई. जुळणार न्हाई.